प्लिमथ गाव आणि मामांच्या विहिरीतली लाल माती

मागच्या उन्हाळ्यात साक्री तालुक्यात मामांची विहीर खोल करायचं काम चाललं होतं आणि काळ्या पाषाणाखाली अचानक विटेसारखा लाल, हातभर जाडीचा मातीचा पट्टा लागला. मामा म्हणे, "हाई लाल माती कशी काय उनी रे?"

तर ती आपल्या खान्देशाची जुनी जमीन. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहत आला, गोठला, मग बराच काळ उघडा पडून झिजला, त्याची माती झाली, त्यातलं लोखंड गंजून लाल झालं आणि मग वरून पुढचा लाव्हा येऊन बसला. धुळे-नंदुरबारकडे माळावर भिंतीसारख्या लांबच लांब कातळाच्या रांगा दिसतात ना, त्यापण त्याच काळातल्या, वितळलेला खडक जमिनीच्या भेगांत घुसून तिथेच थिजला.

मामांचा पुढचा प्रश्न, मग तेव्हा गावं पण गाडली गेली असतील? नाही, तेव्हा माणूसच नव्हता. पण आपल्या डोळ्यादेखत गाडलं गेलेलं एक गाव आहे, कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेराट बेटाची राजधानी प्लिमथ. तिथला सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जुलै 1995 मध्ये जागा झाला, एप्रिल 1996 मध्ये गाव कायमचं रिकामं केलं आणि 1997 मध्ये ते राखेखाली गेलं. कागदोपत्री राजधानी अजून तेच आहे. त्या गावात जायला आजही परमिशन लागते, आणि आत गेलं की तुम्ही रस्त्यावरून चालतच नाही, रस्ता खाली कुठेतरी पुरलेला आहे, तुम्ही सरळ वरच्या मजल्याच्या खिडकीशी पोचता. घड्याळाच्या टॉवरजवळ लाल टेलिफोन बूथ अर्धा राखेत रुतलेला, त्याचा फोटो मी मामांना मोबाईलवर दाखवला.

आता खरी गंमत इथे आहे. आपल्याकडचा लाव्हा बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा, पातळ, त्यात सिलिका (वाळूत असतो तो घटक, तो जितका जास्त तितका लाव्हा घट्ट) साधारण 50 टक्के, म्हणून तो गुळाच्या पाकासारखा लांबवर पसरत गेला. तिकडचा अँडेसाईट नावाच्या खडकाचा, सिलिका 60 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे घट्ट. पिठलं आठवा, पातळ असताना नुसतं बुडबुडे येतात पण घट्ट झालं की फदफद उडून हात भाजतो, कारण वाफेला सहज बाहेर पडता येत नाही. तसाच तिकडे गॅस आत अडकतो. तो घट्ट लाव्हा धड वाहतही नाही, तोंडावरच ढिगासारखा साचत जातो आणि मग तो ढीग ढासळतो. शेकडो अंश तापलेली राख, दगड आणि गॅस यांचा एकच लोट डोंगरावरून ताशी 100 किलोमीटरपेक्षा जास्त स्पीडने खाली येतो, त्याच्यापुढे पळायचं कुठे? लाव्ह्याच्या पुढून माणूस बहुतेक वेळा चालत निघून जाऊ शकतो, ह्याच्यापुढून नाही.

आणि एवढ्यावर संपलं नाही. डोंगरभर राख पडलेली, त्यावर धो धो पाऊस, की नाल्याला पूर यावा तसा चिखल गावात शिरतो, सुकला की सिमेंटसारखा कडक होतो. दर पावसाळ्यात थरावर थर. म्हणजे प्लिमथ एका दिवसात पुरलं गेलं नाही, वर्षानुवर्षं पुरलं जात राहिलं. मला तर हेच जास्त भयंकर वाटतं.

मामा तो बूथचा फोटो बोटांनी मोठा करकरून बघत होते. मग विचारलं, "त्यासना वावरंसनं काय व्हयनं?" म्हणजे त्यांच्या शेतांचं काय झालं?

बेटाचा दक्षिणेकडचा भाग बंदच करून टाकला, निम्म्याहून जास्त लोक बेट सोडून गेले, राहिले ते उत्तरेकडे सरकले. पण 25 जून 1997 ला तो लोट आला तेव्हा 19 माणसं गेली, आणि बंदी असूनही ती माणसं त्या भागात होती, त्यातले बरेच जण तर आपली पिकं बघायला गेलेले होते.