पांढरं जाण्याच्या तक्रारीला सरकारी दवाखान्यात जागा कशी मिळाली

'अंगावरून पांढरं जातं' अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रातच तपासून औषध द्यावं, हे आज धोरण आहे. तिथवर यायला फार वर्षं गेली.

र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात ते गर्भनिरोध, गुप्तरोग आणि स्त्रीचं लैंगिक सुख यांबद्दल एकत्रच लिहीत होते. सरकारी यंत्रणेने मात्र त्याचे तुकडे केले. 1952 मध्ये कुटुंब नियोजन कार्यक्रम आला आणि पुढे नसबंदीच्या टार्गेटमध्ये अडकला. गुप्तरोगांचे उपचार मोठ्या रुग्णालयांच्या 'त्वचा व गुप्तरोग' विभागात राहिले. तिथल्या रांगेत उभं राहणं म्हणजे बदनामी, म्हणून बायका फिरकतच नसत. 1992 मध्ये एड्ससाठी 'नाको' ही तिसरी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली.

यातून काय निसटत होतं, ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार 92 टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. नसबंदीसाठी बाईला शोधत घरापर्यंत येणाऱ्या यंत्रणेने तिला काय होतंय हे विचारलंच नव्हतं. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत संतापजनक गोष्ट वाटते.

1994 मध्ये कैरोत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या व विकास परिषदेत प्रजनन आरोग्य हा हक्क मानला गेला. भारताने एप्रिल 1996 मध्ये वरून लादलेली टार्गेट काढली आणि ऑक्टोबर 1997 मध्ये 'प्रजनन व बालआरोग्य' कार्यक्रम सुरू केला. प्रजननमार्गाचे आणि लैंगिक संबंधातून होणारे संसर्ग आता माता-बाल आरोग्याच्या कामात आले. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानानंतर नाकोशीही सांधा जुळू लागला. लक्षणं पाहून द्यायच्या औषधांची रंगीत किट आली: योनीदाहाला हिरवं, गर्भाशयमुखाच्या दाहाला राखाडी.

सोय मोठी, पण पद्धत लक्षणांवर बेतलेली. स्त्रियांमधले क्लॅमिडिया, गोनोरिया हे लैंगिक संसर्ग बहुतेकदा लक्षणं दाखवतच नाहीत, म्हणजे ज्या बाईला तक्रारच नाही ती सुटतेच. शिवाय राखाडी किट जोडीदारालाही द्यावं लागतं. नवरा केंद्रात आला नाही, तर औषध घेऊन घरी गेलेल्या बाईला तोच संसर्ग पुन्हा होऊ शकतो.