तलावापलीकडचा झेंडा

मे महिन्यात परभणीत संध्याकाळी साडेसातच्या आत गच्चीवर अनवाणी जायची सोय नसते. आधी दोन बादल्या पाणी ओतायचं, फरशीची वाफ निघून जाईपर्यंत जिन्यात थांबायचं, मग सतरंजी टाकायची. सुट्टीला आलेला माझा भाचा यंदा त्या सतरंजीवर बसून मोबाइलवर गोल्फ खेळतो. आमच्या घराण्यात गोल्फचं मैदान कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण या खेळाला त्याची गरजही नाही. इथं चेंडू पवनचक्कीच्या पात्यांतून जातो आणि टोपी घातलेलं बदक ऐन वेळी आडवं येतं.

या खेळात एक होल आहे, तलावाचा. होल म्हणजे गोट्या खेळताना आपण टाचेनं करायचो ती गल, फक्त इथं तिच्यात झेंडा रोवलेला. झेंडा तलावापलीकडे. मी काठाकाठानं जातो आणि चार फटक्यांत चेंडू गलीत घालतो. भाचा थेट पाण्यावरून मारतो. बसला तर तीन फटक्यांत काम फत्ते, नाहीतर चेंडू पाण्यात, दंड, पुन्हा पाण्यात, असं करत करत नऊ.

"मामा, उगं भीत भीत मारायलात तुम्ही," असं तो रोज म्हणतो.

गंमत अशी, की काही संध्याकाळी तो मला धुऊन काढायचा आणि काही संध्याकाळी मी त्याला. खेळायची तऱ्हा दोघांनीही बदललेली नव्हती. पाच-सहा दिवसांनी लक्षात आलं, की सुरुवातीला खेळाचा मोड निवडायचं काम त्याच्याकडे होतं आणि तो रोज वेगळा मोड लावत होता.

मोडकडे येतोच, पण त्याचा चेंडू दहांतून तीन वेळा पाण्यात का पडतो, ते आधी पाहू. दोष हाताच्या जोराचा नाही, काचेवर जोर कसला लावणार? दोष वेळेचा आहे. निंटेंडो या जपानी व्हिडिओगेम कंपनीनं १९८४ साली काढलेल्या 'गोल्फ' या खेळानं एक पद्धत रूढ केली. पडद्यावर एक पट्टी, तिच्यावर सरकणारी खूण. एकदा बटण दाबलं की खूण निघते, दुसऱ्यांदा दाबलं की जोर ठरतो, तिसऱ्यांदा दाबलं की चेंडू सरळ जाणार की वाकडा ते ठरतं. त्या खेळाचं प्रोग्रॅमिंग केलं होतं सातोरु इवाता यांनी, जे पुढं निंटेंडोचे अध्यक्ष झाले. ११ जुलै २०१५ रोजी ते गेले. नंतर कंपनीच्या स्विच या गेम खेळायच्या यंत्रात त्यांचा तो जुना खेळ लपवून ठेवलेला सापडला. ११ जुलैला दोन्ही हात समोर धरण्याची त्यांची ती ओळखीची खूण केली, तरच तो उघडायचा. पुढं एका अपडेटमध्ये तो काढून टाकला. नसता काढला तरी चाललं असतं.

तर ती पट्टी. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं असं धरा, म्हणजे एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकतं. डोळ्यांनी काही पाहून बोट हलायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे खूण पट्टीवरच्या नेमक्या जागी आलेली पाहून तुम्ही बोट टेकवेपर्यंत बारा-पंधरा चित्रं पुढं गेलेली असतात. पाहून मारणारा नेहमी उशिरा मारतो. दोरीवरच्या उड्या आठवा. दोरी पायाशी आलेली पाहून कुणी उडी मारत नाही, ती कधी येणार याचा अंदाज अंगात भिनलेला असतो. भाच्याच्या बोटात तो अंदाज आहे. माझ्या बोटात नाही, म्हणून मी काठानं जातो.

फोन स्वतःही थोडा उशीर करतो. बोट टेकल्यापासून ते पडद्यावर दिसेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. हा उशीर रोज तेवढाच असेल तर मेंदू तो निमूट हिशेबात धरतो. खरी पंचाईत होते उशीर कमी-जास्त व्हायला लागला की. दिवसभर ४२ अंशांत तापलेल्या खोलीतला फोन स्वतःला जळण्यापासून वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो. चित्रं अडखळतात, मग भिनलेला अंदाजही चुकतो. रात्री दहानंतर, वारं सुटल्यावर, भाचा तलावात कमी वेळा पडतो हे मी स्वतः पाहिलंय. वही घालून मोजलेलं नाही, पण पाहिलंय.

आता चेंडू हवेत गेला. खरा गोल्फचा चेंडू ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान आणि ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असून चालत नाही. त्याच्या अंगभर तीनशे ते पाचशे खळ्या असतात. एकोणिसाव्या शतकात गटापर्चाचे, म्हणजे रबरासारख्या एका झाडाच्या चिकाचे, गुळगुळीत चेंडू आले, तेव्हा खेळणाऱ्यांच्या ध्यानात आलं, की मार खाऊन ओरखडलेला जुना चेंडू कोऱ्या चेंडूपेक्षा लांब जातो. कारण चेंडूच्या पाठीमागं आहे. गुळगुळीत चेंडूला चिकटून वाहणारी हवा लवकर सुटते आणि मागं मोठी पोकळ घुसळण तयार होते, ती चेंडूला मागं ओढते. खळ्यांमुळं अंगालगतची हवा आधीच खवळलेली असते, ती चेंडूला जास्त वेळ धरून राहते, मागची घुसळण आक्रसते आणि ओढ जवळपास निम्म्यावर येते. त्यात चेंडू उलटा फिरत असला तर वरची हवा जोरात मागं जाते, चेंडू वर उचलला जातो. याला जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यांचं नाव आहे. गोल्फच्या चेंडूबाबत या उलट्या फिरकीचं महत्त्व १८९०च्या दशकात स्कॉटलंडच्या पीटर गथ्री टेट यांनी दाखवलं. त्यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळातला नावाजलेला गोल्फपटू, म्हणजे घरात रोज वादाला विषय तयार.

हवेचंही एक आहे. आमच्याकडं डिसेंबरातली पहाट ७ अंशांवर येते आणि मेमधली दुपार ४२ वर जाते. दाब तोच धरला तर मेमधली हवा त्या पहाटेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ. विरळ हवेत अडथळा कमी, म्हणून चेंडू थोडा लांब जातो. मात्र त्यासाठी ४२ अंशांत उन्हात उभं राहणारा माणूस लागेल.

गमतीदार खेळांचे प्रोग्रॅमर यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते ठरवतात, आणि मला त्यांच्या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. गुरुत्वाकर्षण राहतं. सेकंदाचे ६० तुकडे करायचे आणि दर तुकड्यात चेंडूचा खाली येण्याचा वेग सेकंदाला सुमारे १६ सेंटिमीटरनं वाढवायचा, झाली चेंडूची कमान. पण त्यातही एक खोड आहे. सेकंदाला ७० मीटर वेगानं जाणारा चेंडू एका तुकड्यात मीटरभराहून जास्त उडी घेतो. आड आलेली फळी जर बोटभर जाडीची असेल, तर या चित्रात चेंडू फळीच्या अलीकडं आणि पुढच्या चित्रात पलीकडं, मध्ये धडक झालीच नाही! म्हणून दोन जागांमधली रेघ फळीला छेदते का, ते वेगळं तपासावं लागतं. बदकाच्या पोटातून चेंडू आरपार गेलेला दिसला, तर समजा कुणीतरी तेवढं तपासायचं विसरलंय.

गलीच्या बाबतीत तर खेळ सरळ खोटं बोलतात. खरी गल १०८ मिलिमीटर रुंद. चेंडू तिच्यावरून जाताना निदान आपल्या अर्ध्या उंचीइतका खाली यायला हवा, नाहीतर तो पलीकडच्या काठावरून निसटतो. तेवढं खाली यायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. हिशेब केला तर चेंडूचा वेग सेकंदाला सुमारे १.३ मीटर निघतो, म्हणजे जेवणानंतर आपण शतपावली करतो तेवढा. त्याहून बराच वेगात आला तर खरा चेंडू पळून जातो. मोबाइलवरचा चेंडू त्याच्या दुप्पट वेगानं येऊनही गडप होतो आणि वर फटाके फुटतात. डेन्मार्कमध्ये तयार झालेल्या 'व्हॉट द गोल्फ?' या २०१९च्या खेळात तर फटका मारला की कधी चेंडूऐवजी खेळाडूच उडून जातो.

आता मोड. भाच्याच्या तलावावरच्या दहा फटक्यांचा हिशेब मी वीजबिलाच्या पाठीमागं मांडला. सात वेळा तीन आणि तीन वेळा नऊ. एकवीस अधिक सत्तावीस, एकूण ४८. माझे दहा वेळा चार, एकूण ४०. स्ट्रोक प्ले या मोडमध्ये सगळे फटके एकत्र मोजतात आणि ज्याचे कमी तो जिंकतो. तिथं भाचा आठ फटक्यांनी हरला.

मॅच प्लेमध्ये होलागणिक निकाल. त्या होलवर ज्याचे फटके कमी, तो होल त्याचा. पाण्यात पडून नऊ लागले काय आणि पाच लागले काय, जातो एकच होल. तेच दहा प्रयत्न, तेच फटके, आणि निकाल भाचा सात, मी तीन.

तिसरा प्रकार स्टेबलफोर्ड. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९३२ साली ही पद्धत वापरात आणली. एखादा होल बिघडला की माणसं सगळाच डाव सोडून देत, त्यावर हा उतारा. इथं फटके मोजत नाहीत, गुण मिळवतात. ठरलेल्या संख्येत होल संपला तर २, एक कमी लागला तर ३, एक जास्त लागला तर १, आणि त्यापुढं कितीही लागोत, शून्य. आमचा तलाव चार फटक्यांचा. माझे दहा दुणे २० गुण. भाच्याचे सात त्रिक २१, बाकी तीन वेळा शून्य. एका गुणानं तो पुढं.

चेंडू तोच, पाणी तेच, बोट तेच. मोजायची रीत बदलली आणि 'भीत भीत' मारणारा कधी शहाणा ठरला, कधी बावळट. नऊ फटक्यांची शिक्षा स्ट्रोक प्लेमध्ये पुरती वसूल होते, बाकी दोन मोडमध्ये तिला झाकण आहे. जिथं नुकसानीला झाकण असतं तिथं धाडस परवडतं. एवढंच काय, स्ट्रोक प्लेमध्येही शेवटच्या होलवर मी एका फटक्यानं मागं असलो आणि भाच्यानं तो होल आधीच चारात संपवला असला, तर मी चारात संपवण्याला काही अर्थ उरत नाही. तेव्हा मीसुद्धा पाण्यावरून मारतो. आणि पाण्यात पाडतो, ती गोष्ट वेगळी.

'मारिओ गोल्फ: सुपर रश' या २०२१च्या खेळात याहून भन्नाट मोड आहेत. एकात सगळे एकदम चेंडू मारतात आणि आपापल्या चेंडूमागं धावत सुटतात. दुसऱ्यात एका रिंगणात नऊ झेंडे असतात आणि आधी तीन पटकावणारा जिंकतो. म्हणजे फटका किती चांगला बसला याइतकंच दुसऱ्याला कसं धडकायचं हेही जमावं लागतं.

आमच्या अण्णांना हे सगळं बाजेवर पडल्या पडल्या ऐकू येत होतं. भाच्याचे आजोबा. त्यांच्या विटी-दांडूत मोजणी 'वकट, लेंड, मुंड, नाल' अशी चालायची. तेलुगूतले ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हेच शब्द शिवेपलीकडून येऊन आपल्याकडं असे घासले गेले. दांडूनं गलीपासून विटीपर्यंत मापत जायचं आणि मोजणी ज्या शब्दावर संपेल, त्याप्रमाणं पुढचा टोला वेगळ्या तऱ्हेनं मारायचा, कधी पायाच्या पंजावरून, कधी मुठीवरून. तेही मोडच की!

काल भाच्याचा चेंडू तलावही ओलांडून पार झाडीत गेला. तो चरफडत असताना अण्णांनी विचारलं, "गलीपासून किती लांब पडली रे?"

"लई लांब, आजोबा."

"अन् मामाची?"

"मामाची गलीतच गेली."

"मग तू जिंकलास की," अण्णा म्हणाले आणि कूस बदलून झोपले.