पेशीतल्या गाठीभेटी

विकराचं, म्हणजेच पेशीतल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या एन्झाइमचं, पाठ्यपुस्तकातलं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं असतं. एका बाजूला खाच असलेलं विकर, दुसऱ्या बाजूला त्या खाचेत नेमका बसणारा रेणू, म्हणजे विकर ज्यावर काम करतं तो क्रियाधार, आणि मध्ये एक बाण. कुलूप-किल्लीची ही उपमा एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये दिली. मला मात्र तो बाण कायम खटकत आला आहे. किल्ली कुलपापर्यंत नेतं कोण?

कोणीच नेत नाही. १८२७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांना सूक्ष्मदर्शकाखाली परागकणांतले बारीक कण पाण्यात सतत थरथरताना दिसले. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धक्के देतात म्हणून हे घडतं, असा हिशेब आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडला. पेशीतही तेच चालतं. बहुतेक विकरं प्रथिनंच असतात. एखाद्या मध्यम आकाराच्या प्रथिनाचा क्षणिक वेग सेकंदाला १० मीटरच्या घरात असतो, पण स्वतःच्या रुंदीइतकं अंतरही ते सरळ जाऊ शकत नाही. लगेच धक्का बसतो, दिशा बदलते. त्यात पेशीद्रवात भयंकर दाटी. जिवाणूत प्रथिनं शुद्ध पाण्यातल्यापेक्षा साधारण दहापट मंद पसरतात.

अशा भटकंतीतून काम व्हावं कसं? याचं उत्तर पेशीच्या लहानपणात आहे. भटकणाऱ्या रेणूला दुप्पट अंतरासाठी चौपट वेळ लागतो, दसपट अंतरासाठी शंभरपट. ई. कोलाय जिवाणूची लांबी सुमारे २ मायक्रोमीटर. त्यातलं प्रथिन १ मायक्रोमीटर अंतर सेकंदाच्या काही शतांश भागात कापतं. त्याच चालीने १ सेंटिमीटर जायचं तर जवळपास तीन आठवडे लागतील! लांबलचक चेतापेशींना माल वाहून नेणारी खास प्रथिनं बाळगावी लागतात, ती यामुळेच.

जिवाणूत एकच विकर आणि एकच क्रियाधार असला, तरी त्यांची गाठ साधारण सेकंदाभरात पडते. प्रत्यक्षात क्रियाधाराचे लाखो रेणू असू शकतात. मग एकेका विकरावर सेकंदाला लाखो टकरा होतात.

पण नुसती टक्कर पुरत नाही. खाच विकराच्या अंगावर एवढीशी, आणि रेणू बहुतेकदा पाठमोरा किंवा आडवा येऊन आदळतो. इथे मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट घडते. आदळलेला रेणू लगेच दूर जाऊच शकत नाही, कारण आजूबाजूच्या पाण्याची दाटी त्याला परत विकरावर ढकलते. तो पुन्हा आपटतो, गिरकी घेतो, किंचित सरकतो, पुन्हा आपटतो. एकाच भेटीत त्याला अनेक संधी मिळतात आणि त्यातल्या एखाद्या वेळी तो नेमका वळून खाचेत शिरतो. विकरही दगडासारखं ताठ नसतं. रेणू आत येताच ते आकार जरासा बदलून त्याला कवेत घेतं.

काही विकरांनी तर भटकंतीलाही कल दिला आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेजच्या खाचेभोवती धन विद्युतभार असतो, त्यामुळे ऋणभारित सुपरऑक्साइड, म्हणजे त्याचा क्रियाधार, जवळ आला की तिकडे ओढला जातो. हे विकर इतकं चपळ, की क्रियाधार येऊन पोचायला लागतो तेवढाच काय तो वेळ.

ट्रिप्टोफॅन सिंथेज या विकराने वेगळीच युक्ती केली आहे. त्याच्या एका खाचेत तयार होणारं इंडोल दुसऱ्या खाचेत लागतं. इंडोलला पाण्यापेक्षा तेलकट जागा मानवते, त्यामुळे बाहेर सुटलं तर ते पेशीच्या पटलातून निसटू शकतं. म्हणून दोन्ही खाचांमध्ये सुमारे २.५ नॅनोमीटर लांबीचा बोगदा आहे. त्या बोगद्यातही इंडोलला कोणी हाताला धरून नेत नाही. ते तसंच धडपडत पुढे-मागे होत राहतं, फक्त इकडेतिकडे भरकटायला जागा उरत नाही.