कुत्रा चावल्यावरची लस आणि सीरम यांत फरक काय?

पऱ्हाटीच्या वावराकडे जाताना कुत्रा चावला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घेऊन झाली, तरी जखम खोल असेल तर डॉक्टर ‘सीरम’साठी मोठ्या रुग्णालयात पाठवतात. यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत अशा वेळी घरचे हमखास म्हणतात, “एक सुई त घेतली ना, आता दुसरी कायले?” प्रश्न रास्त आहे, कारण दोन्ही सुया रेबीज या एकाच रोगावरच्या आहेत, पण त्यांची कामे वेगळी आहेत.

रेबीजचा विषाणू जखमेजवळच्या स्नायूंतून मज्जातंतूत शिरतो आणि तिथून मेंदूकडे सरकतो. मज्जातंतूच्या आत तो प्रतिकारशक्तीच्या नजरेआड राहत असल्याने शरीर वेळेवर सावध होत नाही, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

लशीत निष्क्रिय केलेला विषाणू असतो. ती दंडात टोचल्यावर तिथल्या पेशी विषाणूचे अंश लसीका ग्रंथींत (प्रतिकारशक्तीच्या पेशी जिथे जमतात त्या गाठींत) नेतात, तिथे त्यांना ओळखणाऱ्या बी पेशी टी पेशींच्या मदतीने वाढतात (या दोन्ही पांढऱ्या रक्तपेशीच), प्रतिपिंडे म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने तयार करू लागतात आणि काही पेशी विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. या सगळ्याला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लशीच्या मात्रा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात, आणि जखम भरली म्हणून शेवटची मात्रा सोडून देणे चुकीचेच आहे.

पहिल्या आठवड्यातली ही उणीव सीरम भरून काढते. त्यात माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडे असतात, म्हणून ते लगेच काम करते. मात्र ते शरीराला काहीच शिकवत नाही आणि काही आठवड्यांत ओसरते. विषाणू जखमेत असतो, त्यामुळे सीरमही जखमेत व तिच्याभोवतीच टोचावे लागते. हे दुखते, विशेषतः बोटांना चावा असेल तेव्हा, पण कुल्ल्यात दिल्याने तो हेतू साधत नाही. लशीच्या पहिल्या मात्रेला ७ दिवस उलटून गेल्यावर सीरम देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार होऊ लागलेली असतात आणि बाहेरून आणलेली प्रतिपिंडे त्या कामात अडथळा आणू शकतात.

रक्त न निघालेल्या ओरखड्याला सहसा लस पुरते. रक्त निघाले असेल तर दोन्ही लागतात. त्याआधी, घरीच, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. तिखट किंवा चुना भरू नये. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून काही घरांत आहे, पण मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली.

ज्याने पूर्वी लशीच्या सर्व मात्रा घेतल्या आहेत, त्याला पुन्हा कुत्रा चावल्यास सीरम लागत नाही. त्याच्या स्मृतिपेशी काही दिवसांतच प्रतिपिंडे वाढवतात, त्यामुळे ० आणि ३ या दिवसांच्या दोन मात्रा पुरतात. म्हणून लशीचे जुने कार्ड रेशनकार्डासोबत जपून ठेवावे आणि डॉक्टरांना आधी तेच दाखवावे.