बोलावलेले तज्ज्ञ आणि विदर्भाचा कास्तकार

विज्ञान शिकवायला, कारभार सुधारायला परदेशी विद्वान बोलवावेत, ही सूचना अधूनमधून पुढे येते. विदर्भातल्या गावांनी त्यावर दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत. हा माणूस कुणाचे ऐकणार? आणि त्याचा सल्ला कोणत्या जमिनीला लागू पडणार? असे सल्ले आपल्याकडे पूर्वीही आले आहेत, म्हणून हे विचारायचे.

१८८९ मध्ये ब्रिटिश सरकारने जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनतज्ज्ञाला हिंदुस्थानची शेती तपासायला पाठवले. त्यांना आपण बोलावले नव्हते, राज्यकर्त्यांनी धाडले होते. तरी १८९३ च्या अहवालात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले की इथला चांगला शेतकरी इंग्लंडच्या सरासरी शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतीत सरसही आहे. कमी आहे ती साधनांची. जळणाला लाकूड मिळत नाही म्हणून शेण चुलीत जाते आणि शेत खताला मुकते, हे त्यांनी नेमके हेरले. शिकवण्याआधी बांधावर उभे राहून पाहणारा तज्ज्ञ कसा असतो, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

स्वातंत्र्यानंतर आपण स्वतःहून बोलावू लागलो. विद्यापीठ शिक्षणासाठी नेमलेल्या १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगावर आर्थर मॉर्गन हे अमेरिकन अभियंते होते. आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. तिच्यामागे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची गांधीजींची पद्धत होती. म्हणजे परदेशी विद्वानाला दाखवण्यासारखे काम विदर्भात आधीच चालू होते. अमेरिकन प्रशासनतज्ज्ञ पॉल ॲपलबी यांचा प्रशासनावरचा अहवाल १९५३ चा. त्यातून दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली, पण गावापर्यंत त्यातले फारसे काही पोहोचले नाही.

गावात पोहोचली ती २ ऑक्टोबर १९५२ ला सुरू झालेली सामुदायिक विकास योजना. तिला फोर्ड फाउंडेशनचा पैसा आणि अमेरिकन सल्ला होता. आजचा गटविकास अधिकारी त्याच योजनेतून आला. योजना सरकारचीच राहिली, लोकांची झाली नाही, असे १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने दाखवून दिले. पुढे महाराष्ट्राची जिल्हा परिषद कशी असावी हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष पुसदचे वसंतराव नाईक होते, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. कल्पना बाहेरून आली असेल, पण घडी इथल्या माणसाने बसवली.

शेतीत मात्र पाण्याने निवड केली. १९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशनने आणलेल्या अमेरिकन तज्ज्ञांनी अन्नटंचाईवर अहवाल दिला. पाण्याची खात्री असलेले जिल्हे निवडा आणि बियाणे, खत, औषध, कर्ज सगळे एकत्र द्या, असा त्यांचा सल्ला होता. या सघन शेती कार्यक्रमात महाराष्ट्रातून भंडारा आला, तेव्हाचा भंडारा, गोंदियासकट. तिथे पाणी कुठून आले होते? कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या, आज ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो त्या माजी मालगुजारी तलावांतून. परदेशी शास्त्राने धानाच्या बांधीत पाय ठेवला तो या जुन्या कामाच्या आधारावर. त्याच्या काही वर्षे आधी मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपून तलाव सरकारकडे गेले होते. गाळ कुणी काढायचा हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत आहे, आणि ही हानी कुठल्याही सल्लागाराच्या अहवालाने भरून निघाली नाही.

यवतमाळ, अकोला, बुलढाण्याचा कोरडवाहू कापूस त्या निकषात बसतच नव्हता. पावसावरच्या काळ्या जमिनीला स्वतःचे संशोधन हवे होते. पंजाबराव देशमुखांसारखा विदर्भाचा माणूस दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री होता, तरीही अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये मिळाले, तेही लोकांनी आंदोलन केल्यावर. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ मध्ये आली. म्हणून आता कुणाला बोलवायचेच असेल, तर त्याला पहिल्यांदा यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-राळेगावच्या कोरडवाहू शेतात न्यावे, भंडाऱ्याच्या ओलिताच्या धानात नव्हे.