आईस्क्रीमचं म्युझियम आलं कुठून?

रील्समध्ये आईस्क्रीम म्युझियमच्या त्या गुलाबी भिंती आणि स्प्रिंकल्सनी (आईस्क्रीमवर भुरभुरतात ते रंगीत दाणे) भरलेला हौद दिसला की बऱ्याच जणांना वाटतं, हे सगळं इन्स्टाग्रामचंच पिल्लू. इन्स्टाचा हात आहेच, पण मला याचं मूळ चॉकलेटच्या कारखान्यात दिसतं.

अमेरिकेत पेनसिल्वेनियात हर्शी नावाचं अख्खं गावच चॉकलेट कंपनीने वसवलंय. तिथे लोक खराखुरा चालता कारखाना बघायला जायचे, आणि १९७० च्या आसपास ही गर्दी वर्षाला दहा लाखांच्या घरात गेली, आता एवढी माणसं मशीनांमधून फिरवायची कशी, म्हणून १९७३ ला कंपनीने कारखाना दाखवणं बंद करून गावातच चॉकलेट वर्ल्ड उघडलं. गाडीत बसायचं, कोकोच्या बीपासून चॉकलेटपर्यंतचा प्रवास देखाव्यांतून बघायचा आणि शेवटी थेट दुकानात उतरायचं. मला हा टप्पा फार मोठा वाटतो, कारण इथे कारखान्याच्या जागी कारखान्याचा देखावा आला आणि तरी लोक येतच राहिले. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर मॅप्रो गार्डनला थांबलेल्यांना यातला दुसरा भाग लगेच कळेल, फिरा, चव घ्या, पिशव्या भरून निघा.

मग १९९० ला इंग्लंडमध्ये बोर्नव्हिलला कॅडबरी वर्ल्ड आलं. १९९३ ला जर्मनीत कोलोनला हान्स इमहोफ यांचं चॉकलेट म्युझियम उघडलं, त्यात कोकोचा जुना इतिहास आहे, काचेमागे चालणारी मशीनं आहेत, पण लोक जाऊन उभे राहतात ते ३ मीटर उंच चॉकलेटच्या कारंज्यापाशी, तिथे वेफर बुडवून हातात देतात ना! आणि १९९४ ला जपानमध्ये शिन-योकोहामाला रामेनचं, म्हणजे सूपातल्या नूडल्सचं म्युझियम, गोड नाही पण सांगायलाच हवं, कारण त्यांनी तळघरात १९५८ सालची अख्खी गल्ली उभारली (इन्स्टंट रामेन त्याच साली आलं) आणि आत जायलाच तिकीट, रामेनचे पैसे वेगळे.

दुसरा धागा आर्टवाल्यांचा. जपानी चित्रकार यायोई कुसामाने १९६५ लाच न्यूयॉर्कमध्ये आरशांची खोली केली होती. २०१२ ला लंडनमध्ये रेन रूम आली, तुम्ही उभे तिथला पाऊस सेन्सरमुळे थांबतो, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला आली तर लोक तासन्‌तास लाईनीत. २०१५ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल बिल्डिंग म्युझियममध्ये जवळपास दहा लाख प्लास्टिकच्या बॉल्सचा समुद्र केला होता, त्यात लोक उड्या मारायचे. स्प्रिंकल्सचा हौद वर्षभरातच आला, बघा.

२०१६ च्या उन्हाळ्यात मॅरीएलिस बन आणि मनीष व्होरा यांनी न्यूयॉर्कमध्ये म्युझियम ऑफ आईस्क्रीम सुरू केलं, व्हिटनी म्युझियमच्या समोरच, तात्पुरतं. तिकीट १८ डॉलर, आणि जवळपास ३० हजार तिकिटं पाच दिवसांत संपली. २०१७ ला लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, मायामी. मायामीत ते प्लास्टिकचे स्प्रिंकल्स लोकांच्या कपड्याबुटांतून रस्त्यावर सांडायला लागले आणि शहराने दंड केला. (हो, स्प्रिंकल्स खायचे नाहीत, प्लास्टिकचेच असतात.) २०१९ ला कंपनीची किंमत २० कोटी डॉलर धरून ४ कोटी डॉलरची गुंतवणूक आली, डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सोहो भागात कायमची जागा झाली, आणि तीनच महिन्यांत कोविड. एकाच हौदात सगळ्यांनी लोळायचं, हाच धंदा असलेल्यांचं काय झालं असेल विचार करा. तरी २०२१ ला ते सिंगापूरला गेले, अमेरिकेबाहेर पहिल्यांदा.

बन यांनी स्वतःच म्युझियमऐवजी 'एक्सपेरियम' (एक्सपिरियन्स अधिक म्युझियम) असा शब्द काढला होता, आणि मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. मजा येते, मुलं खूश होतात, त्याला माझी अजिबात ना नाही. पण आईस्क्रीम बनतं कसं ही उत्सुकता या वाटेवर कुठेतरी मागे पडली याचं मला खरंच वाईट वाटतं. इटलीत बोलोन्याजवळ २०१२ पासून मशीनं बनवणाऱ्या कार्पिजानी कंपनीचं जिलाटो (इटालियन आईस्क्रीम) म्युझियम आहे, तिथे जुनी मशीनं मांडलीत आणि जिलाटो बनवायलाही शिकवतात, मला जायचंय ते तिथे. आमच्याकडे मे महिन्यात लाकडी पॉट निघायचं, आमरस घातलेलं दूध आत, बाहेर बर्फ आणि खडेमीठ, आणि हँडल फिरवायला आम्हा पोरांची पाळी लागायची. त्या हँडलच्या पॉटचं पेटंट फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ मध्ये घेतलं होतं, हे मला परवा वाचताना कळलं.