सेरेंगेटीला जायचं तर आधी पाऊस बघा

आफ्रिकेतली सफारी ठरवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: मायग्रेशन, म्हणजे जनावरांच्या कळपांचं स्थलांतर, कधी असतं? ट्रॅव्हल कंपन्यांचं उत्तरही ठरलेलं: जुलै ते सप्टेंबर. खरं तर ते बाराही महिने चालू असतं. सुमारे १३ लाख विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी आफ्रिकी हरणं), दोन लाखांच्या आसपास झेब्रे आणि काही लाख थॉमसन गझेल ही छोटी हरणं टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा मिळून होणाऱ्या साधारण २५ हजार चौरस किलोमीटरच्या टापूत वर्षभर फिरत असतात. जुलै ते सप्टेंबर हा त्या फेरीतला नदी ओलांडण्याचा तुकडा. टीव्हीवर तोच दिसतो, म्हणून तोच विकला जातो.

ही फेरी होते कशासाठी? या टापूत पाऊस सारखा पडत नाही. आग्नेयेची मैदानं गोरोंगोरोच्या डोंगरांच्या पर्जन्यछायेत येतात, तिथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. वायव्येला, माराच्या बाजूला, त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय मारा नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं. मग इतकं गवत आणि पाणी सोडून हे कळप दरवर्षी कोरड्या दक्षिणेकडे का उतरतात, हा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर मातीत सापडतं. केरिमासी आणि ओल दोइन्यो लेंगाई या ज्वालामुखींची राख हजारो वर्षं या दक्षिणेकडच्या मैदानांवर पडत आली. राखेतले क्षार पावसाच्या पाण्याबरोबर थोडे खाली जातात आणि तिथेच घट्ट बसतात. जमिनीखाली कोबा केल्यासारखा कडक थर तयार होतो. झाडांची मुळं त्यातून उतरत नाहीत, म्हणून मैलोन्‌मैल झाड नाही. गवत वाढतं तेही चार बोटं, पण कसदार. कॅल्शियम आणि फॉस्फरस त्यात भरपूर. व्यायला आलेल्या आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं हेच लागतं. उत्तरेचं गवत पुरुषभर वाढतं खरं, पण त्यात काडीच जास्त, सत्त्व कमी. पाऊस असेतो दक्षिणेत राहायचं, डबकी आटून पाणी खारट झालं की उत्तर गाठायची, असा हा हिशोब. तो पावसावर अवलंबून असल्यामुळे त्याला तारखा नसतात. पाऊस पंधरा दिवस पुढे गेला तर कळपही पुढे जातात, मग तुमचं बुकिंग कुठल्याही तारखेचं असो.

माझं मत विचाराल तर सगळ्यात बघण्यासारखा महिना फेब्रुवारी. ठिकाण एन्दुतू, सेरेंगेटीच्या दक्षिण टोकाला. वर्षभरातली साधारण ८० टक्के पिल्लं तिथे दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. मादी आडवी होते, पुन्हा उठते, चार पावलं चालते, पुन्हा बसते. ओलंचिंब पिल्लू गवतावर पडतं. पुढचे पाय ताठ करतं, मागचे दुमडतात, तोंडावर आपटतं, पुन्हा खटपट करतं, आणि पाच-दहा मिनिटांत आईच्या पोटाखाली आचळ शोधत उभं असतं. थोड्याच वेळात ते कळपाबरोबर पळूही शकतं. तरसं, सिंह, चित्ते सगळे आसपास असतातच. पण एकदम इतकी पिल्लं आल्यावर शिकारी खाऊन खाऊन किती खाणार? त्यांची पोटं भरतात आणि बहुतेक पिल्लं वाचतात. जी पिल्लं हंगामाच्या फार आधी किंवा फार नंतर जन्मतात, ती जास्त मारली जातात. एकाच वेळी विणं हीच इथली ढाल.

नदी ओलांडणं बघायचंच असेल तर जुलैअखेर ते सप्टेंबर. मसाई मारा नाहीतर टांझानियाच्या बाजूचं कोगातेंदे, नदी दोन्हीकडे तीच आहे. माराचं प्रवेशशुल्क परदेशी पर्यटकांना २०२४पासून जानेवारी ते जूनमध्ये दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर झालं आहे. काठावर कळप तासन्‌तास उभा राहतो, पुढची जनावरं पाण्याशी जाऊन परत फिरतात, आणि कधीकधी दिवसभर कोणी उतरतच नाही. दोन रात्रींच्या पॅकेजात हे बसवणं म्हणजे जुगार. चार रात्री तरी हातात ठेवाव्यात. शिवाय या दोन्ही अभयारण्यांमधली हद्द कळप ओलांडतात, पर्यटकांच्या गाड्यांना ती बंद आहे. मोठा वळसा घालून दुसरीकडूनच देश बदलावा लागतो, हे कार्यक्रमपत्रिकेत बारीक अक्षरात असतं.

नदीत मगरींच्या तोंडी जातात त्यापेक्षा कितीतरी जास्त विल्डबीस्ट बुडून मरतात. अमांडा सुबालस्की आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार सरासरीने वर्षाला सुमारे ६,२५० जनावरं मारा नदीत बुडतात. वजनात मोजलं तर दहा निळ्या देवमाशांइतकं मांस. गिधाडं, मराबू करकोचे, मगरी, मासे सगळे त्यावर जगतात. मऊ भाग काही आठवड्यांत संपतो, पण हाडं सात वर्षांपर्यंत पाण्यात फॉस्फरस सोडत राहतात. काठावर दुर्गंधी आली म्हणून गाडी लगेच वळवायला सांगू नका. नदीचं वर्षभराचं खत तिथे पडलेलं असतं.

एवढे प्रचंड कळप तिथे पूर्वापार असतील असं वाटतं. पण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्डबीस्ट होते अडीच लाखांच्या घरात. कारण बुळकांडी. आपल्याकडे जुन्या शेतकऱ्यांना हा गुरांचा रोग माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो गुरांबरोबर पूर्व आफ्रिकेत शिरला आणि तिथल्या मसाई पशुपालकांचे गोठे रिकामे झाले, रानातली खुरी जनावरंही गेली. पुढे सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचली गेली आणि गंमत अशी की रानातल्या जनावरांना एकही सुई न लावता त्यांच्यातलाही रोग ओसरला. तो गुरांतूनच त्यांच्यात येत होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस विल्डबीस्ट १३ लाखांवर गेले. त्यांनी गवत फस्त केल्यावर वणवे कमी झाले, वणवे कमी झाल्यावर झाडं वाढली. २०११मध्ये बुळकांडीचं जगातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं.

आता आपल्या सुट्ट्यांकडे येऊ, कारण शाळेत जाणारी मुलं असलेल्या घरात तारखा सुट्ट्याच ठरवतात. मे महिना म्हणजे तिथल्या मोठ्या पावसाचा शेवट. एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा मी तरी टाळेन. गवत उंच, त्यात सिंह बसला तर कानही दिसत नाहीत, आणि रस्त्यांचं काय होतं ते विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. माराच्या बऱ्याच भागात आपल्याकडची तीच काळी कापसाची माती आहे. तिथेही तिला इंग्रजीत कापसाचीच माती म्हणतात. पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती ती, एका सरीनंतर टायर लिंपून टाकते आणि फोर-बाय-फोर गाडीसुद्धा जागच्या जागी चाकं फिरवत बसते.

पण मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा यात एक संधी आहे. तेव्हा कळप सेरेंगेटीच्या पश्चिम पट्ट्याकडे, ग्रुमेती नदीच्या दिशेने सरकत असतात आणि माजाचा काळ असतो. नर चालता चालताच छोटे इलाखे अडवतात, डोकी आपटतात, हुंकारत राहतात. गर्भकाळ आठ महिन्यांच्या थोडा वर, म्हणजे फेब्रुवारीतली पिल्लं इथेच ठरतात. गर्दी कमी, दरही उतरलेले. दिवाळीच्या सुट्टीत छोट्या पावसाची सुरुवात असते आणि कळप दक्षिणेकडे परतत असतात. नेमके कुठे असतील हे महिनाभर आधी कोणी सांगू शकत नाही. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

राहायची जागा निवडताना एक आकडा लक्षात असू द्या. फेम्के ब्रूकहाउस यांनी मारातल्या चित्त्यांवरचा अभ्यास २०१८मध्ये मांडला. जिथे पर्यटक खूप, तिथे मादीच्या एका वेतामागे सरासरी ०.२ पिल्लं वाढून स्वतंत्र झाली. जिथे पर्यटक कमी, तिथे २.३. चित्ता दिवसा शिकार करतो, आणि भोवती गाड्यांचा घोळका असला की शिकारही हुकते आणि मारलेलं भक्ष्य शांतपणे खाताही येत नाही. माराच्या भोवती मसाई जमीनमालकांनी भाड्याने दिलेल्या जमिनींवर संरक्षित क्षेत्रं आहेत, तिथे गाड्यांची संख्या मर्यादित असते. महाग पडतात, पण दिवस कमी करून तिथेच राहावं. आणि ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून टाका की गर्दी दिसली तर पुढे चला. टिप गाडी किती जवळ नेली यावर मिळते असा त्यांचा अनुभव असतो, त्यामुळे हे आपणच बोलावं लागतं.

सामानात निळे आणि काळे कपडे नकोत, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते. तिला पकडायचे सापळेसुद्धा निळ्या-काळ्या कापडाचे करतात. स्वेटर मात्र हवा. विषुववृत्त जवळ असलं तरी मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, आणि पहाटे सहाला उघड्या टपाच्या गाडीत दात वाजतात. चिवडा-लाडू कापडी पिशव्यांत किंवा डब्यांत भरा, केनियात २०१७पासून आणि टांझानियात २०१९पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी. केनियाहून परतताना तिचा दाखला आपल्याच विमानतळावर मागतात. हा ताप पसरवणारा एडिस डास आपल्या घराघरांत आहे, फक्त विषाणू अजून इथे आलेला नाही.